मूळ रूप आणि नागमोडी रेघ

आम्ही दोघे मराठीचे अध्यापक. यंत्रांशी आमचा परिचय स्कूटरचा प्लग पुसून पुन्हा बसवण्यापलीकडे जात नाही. तरीही जुन्या मोटारींना त्यांचे मूळ रूप परत मिळवून देण्याच्या उद्योगाविषयी लिहिण्याचे धाडस करीत आहोत. आमच्यापैकी एकाच्या घरची १९५७ सालची फियाट तीन वर्षे गॅरेजात राहून गेल्या वर्षी घरी परतली. त्याच सुमारास आम्ही एम. ए.च्या वर्गावर पाठचिकित्सा शिकवीत होतो आणि ‘मूळ पाठ’, ‘मूळ संहिता’, ‘मूळ प्रत’ हे शब्द नेहमीच्या सराईतपणे फळ्यावर लिहीत होतो. गाडी घरी आल्यानंतर ते शब्द लिहिताना हात अडखळू लागला. का अडखळला, ते सांगण्यासाठी हा लेख.

प्रथम कायद्याचे शब्द पाहू. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून ‘व्हिंटेज’ वाहनांची स्वतंत्र नोंदणी सुरू केली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक काळ लोटलेल्या, व्यावसायिक वापरात नसलेल्या दुचाकी व चारचाकी गाड्यांना ही सोय आहे. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षे आणि क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे. अट अशी की, वाहन मूळ रूपात राखलेले असावे; चॅसिस, बॉडी किंवा इंजिन यांत फेरफार करणारी मोठी दुरुस्ती त्यावर झालेली नसावी. हेतू चांगला आहे, यात शंका नाही. सरसकट भंगारात जाण्यापासून काही गाड्या या नियमाने वाचतील. परंतु आपल्या रस्त्यांवर ५० वर्षे धावलेली आणि तरीही मूळ रूपात राहिलेली गाडी ही कल्पना ज्याला सुचली, त्याने आपल्याकडच्या एखाद्या जुन्या गाडीचे बॉनेट उघडून पाहिले नसावे.

ज्या तरुण वाचकांना ‘डुक्कर फियाट’ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगणे भाग आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात १९५०च्या दशकाच्या मध्यापासून इटलीच्या फियाटची ११०० ही गाडी तयार होऊ लागली. तिच्या गोल फुगीर अंगलटीमुळे लोकांनी तिचे हे नाव ठेवले. त्यात हेटाळणीपेक्षा लाडच अधिक होता. १०८९ घनसेंटिमीटरचे चार सिलिंडरचे इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर आणि पुढची दारे उलटी उघडणारी, म्हणजे बिजागऱ्या मागच्या बाजूला. (नऊवारी नेसलेल्या बायकांना अशा दारातून उतरणे सोयीचे जाई, असे घरातल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकले आहे.) याच वंशात पुढे प्रीमियर पद्मिनी आली. तिची शेवटची काळी-पिवळी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ रोजी मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली, तेव्हा वर्तमानपत्रांनी तिच्यावर मृत्युलेख लिहावेत तसे लेख लिहिले.

आमच्या लेखातील गाडी सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी असे. घरातले वडील डॉक्टर. त्यांनी १९६६ साली ती जुनी म्हणून विकत घेतली. तो काळ आयातीवरील निर्बंधांचा आणि टंचाईचा. सुटा भाग हवा तर मुंबईला माणूस पाठवावा लागे आणि माणूस गेला तरी भाग मिळेलच असे नसे. १९७४ साली इंजिनाच्या ब्लॉकला तडा गेला. नवा ब्लॉक परवडणारा नव्हता; भंगारात निघालेल्या, त्याच जातीच्या पण नंतरच्या एका गाडीचे इंजिन आणून बसवले गेले. आरसी बुकात तशी नोंद झाली. किंगपिनचे बुश कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर कातून घेतलेले. डाव्या दाराची मूठ तुटली तेव्हा गावच्या ओताऱ्याने उजवीचा साचा घेऊन पितळेत नवी ओतून दिली. ती किंचित जाड झाली होती आणि उन्हात उजवीपेक्षा लवकर तापे. मैलांचा मीटर बिघडला, किलोमीटरचा बसला. डिकीच्या झाकणाच्या आतल्या अंगाला डॉक्टरांनी तेलरंगाच्या बारीक कुंचल्याने ऑईल बदलल्याच्या तारखा लिहून ठेवल्या होत्या: पहिल्या नोंदी मैलांत, पुढच्या किलोमीटरमध्ये, शेवटची १९९७ सालची. त्यानंतर गाडी शेडमध्ये गेली आणि काही वर्षांनी डॉक्टरही गेले.

ही गाडी ‘मूळ रूपात’ आणायची, असे आमच्यापैकी एकाने ठरवले. (आम्ही ‘आम्ही’ म्हणून लिहीत असलो तरी या निर्णयाची जबाबदारी एकट्याची आहे. दुसऱ्याने त्याला विरोध केला नाही, एवढाच त्याचा वाटा.) पहिला पेच रंगाचा पडला. पत्रा घासू लागल्यावर वरच्या पांढऱ्याखाली आकाशी निघाला, आकाशीखाली लालसर प्रायमर आणि त्याखाली हिरवट झाक असलेला करडा. जुन्या देवस्थानात शेंदराची पुटे निघावीत आणि आतल्या मूर्तीचे डोळे दिसावेत, तसा तो प्रकार होता. गॅरेजवाले म्हणाले, “सर, हाच कंपनीचा रंग. ओरिजिनल.” पण घरातल्या सर्वांच्या आठवणीतली गाडी आकाशी होती. मुले त्या आकाशी गाडीतून शाळेत गेली, रुग्णांनी रात्री-अपरात्री त्याच आकाशी गाडीची वाट पाहिली. करडा रंग ज्याने पाहिला तो पहिला मालक कोण, हेही कोणास ठाऊक नाही. आम्ही करडा निवडला. आमच्याच वर्गात आम्ही शिकवतो की, ‘जितका पाठ जुना तितका तो ग्राह्य’ हा नियम आंधळेपणाने लावू नये. परंतु स्वतःच्या अंगणात तो नियम आम्ही आंधळेपणानेच लावला.

रंग निवडला म्हणजे तो मिळाला असे होत नाही. मोटारींच्या अगदी आरंभीच्या काळात घोडागाडीप्रमाणे कुंचल्याने व्हार्निशचे हात दिले जात आणि एक गाडी वाळायला आठवडे लागत. १९२३-२४च्या सुमारास जनरल मोटर्सच्या ओकलंड गाड्यांवर ड्यूपाँ कंपनीचा ‘ड्युको’ हा नायट्रोसेल्युलोजचा रंग आला आणि वाळण्याचा वेळ तासांवर आला. आपल्याकडे सुतार अजून कपाटाला ‘ड्युको मारू का?’ असे विचारतो, तो हाच शब्द. सेल्युलोजच्या रंगाची चमक मऊ असते. हात फिरवून, पॉलिश करून ती आणावी लागते आणि काही वर्षांत ती विरते. आज बहुतेक ठिकाणी वापरला जातो तो दोन घटकांचा पॉलियुरेथेन रंग, वर काचेसारख्या पारदर्शक थराचा. तो टिकतो, पण त्याची झळाळी १९५७ सालच्या कोणत्याही कारखान्यातून कधीच बाहेर पडली नव्हती. म्हणजे छटा मूळची आणि कांती आजची. जुन्या बखरीचे लेखन शुद्धलेखनाच्या नव्या नियमांप्रमाणे करून ती गुळगुळीत कागदावर छापावी, तसे काहीसे.

असेच प्रत्येक भागाचे. काचेभोवतीचे रबर, छताच्या आतले कापड, बंपरचे क्रोम, टायर. त्या काळचे टायर क्रॉसप्लाय जातीचे. परदेशांत जुन्या मापांचे टायर आजही नव्याने काढणाऱ्या कंपन्या आहेत, पण ते आणवायचे म्हणजे गाडीच्या मूळ किमतीहून जास्त खर्च. कुर्ला, चोरबाजार, पुण्याचा जुना बाजार येथे महिनोन्‌महिने फेऱ्या झाल्या. ज्या कुर्ल्यात ही गाडी जन्मली त्याच कुर्ल्याच्या भंगारवाल्याकडे तिच्या भावंडांचे अवयव वजनावर मिळतात, हे पाहून मन विषण्ण झाले. कारखान्याची कागदपत्रे आमच्या हाती नव्हती. इटलीत छापलेल्या पुस्तकांत इटलीतली गाडी आहे. कुर्ल्यात तिच्यात काय बदलले, ते जुन्या मिस्त्रींच्या स्मरणावर. दोन मिस्त्रींची स्मरणे जुळत नसत. लीळाचरित्राची मूळ पोथी हरवल्यावर महानुभावांनी ते स्मरणातून पुन्हा सिद्ध केले आणि त्यातून निरनिराळे पाठ निर्माण झाले, हे आम्ही दरवर्षी वर्गात सांगतो. डॅशबोर्डच्या एका बटणावरून दोन वृद्ध मिस्त्रींना हातघाईवर आलेले पाहिल्यानंतर तो इतिहास आम्हांला अधिक जिव्हाळ्याने सांगता येतो.

इंग्रजी गाड्यांची तर आणखीनच गंमत. आटे, नट आणि पाने यांची तिकडची व्हिटवर्थ मापे वेगळी. पण जुन्या मॉरिस गाड्यांच्या इंजिनांत आटे मेट्रिक आणि नटांची डोकी मात्र व्हिटवर्थ पान्याला बसणारी. इंजिने बनवणारा कारखाना मूळचा फ्रेंच, यंत्रे फ्रेंच मापांची, आणि गिऱ्हाइकाच्या पेटीतला पाना इंग्रजी. बोली एक आणि लिपी दुसरी असलेल्या मोडी कागदाची आठवण व्हावी असा हा प्रकार. ज्याला हे माहीत नाही तो चुकीचा बोल्ट घुसवून आटे मोडतो.

शिवाय गाडी ज्या जगात चालत होती ते जगही मूळ राहिलेले नाही. शिसेयुक्त पेट्रोल आपल्याकडे २००० साली बंद झाले. ते बंद झाले हे सर्वांच्या फुप्फुसांसाठी उत्तमच झाले. परंतु जुन्या इंजिनांतील मऊ ओतीव लोखंडाच्या व्हॉल्व्हच्या बैठकींना ते शिसेच झिजेपासून वाचवीत असे. आता कठीण धातूच्या बैठकी बसवाव्या लागतात. त्यात अलीकडे पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांवर गेले. इथेनॉल पाणी शोषून घेते आणि जुने रबर, पंपाचा पडदा, बुचाचे गॅस्केट यांना मानवत नाही. मूळचा रबरी पाईप हौसेने मिळवून बसवला तर तो काही महिन्यांत फुगतो. म्हणजे गाडी मूळ रूपात ठेवली तर ती आजच्या पेट्रोलवर चालत नाही, आणि आजच्या पेट्रोलवर चालवली तर मूळ रूपात राहत नाही. ब्रेकच्या जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असे, ते परत आणावे असे कोणी शहाणा म्हणणार नाही.

येथे इंग्लंडमधील एका खटल्याची हकीगत सांगितल्यावाचून राहवत नाही. पाठचिकित्सेच्या प्रत्येक विद्यार्थ्याने ती वाचावी असे आम्हांला वाटते. बेंटली कंपनीची ‘स्पीड सिक्स’ जातीची एक शर्यतीची गाडी ‘ओल्ड नंबर वन’ या नावाने प्रसिद्ध होती. १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षे तिने ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकली. शर्यतीची गाडी म्हटल्यावर दर मोसमात तिचे काही ना काही बदलत गेले. १९३२ साली ब्रुकलँड्सच्या शर्यतीत ती बांधावरून पलीकडे गेली आणि चालक क्लाइव्ह डन्फी ठार झाला. तेव्हा तिच्यात मूळच्याहून मोठे, आठ लिटरचे इंजिन होते. पुढे तिच्यावर बंद छपराची नवी बॉडी चढली. अर्धशतकानंतर एका मालकाने ती पुन्हा शर्यतीच्या उघड्या रूपात आणली आणि १ कोटी पौंडांना विकण्याचा करार केला. गिऱ्हाइकाने ऐनवेळी हात आखडता घेतला. त्याचे म्हणणे, ही ती गाडीच नव्हे! १९९० साली लंडनच्या उच्च न्यायालयात न्यायमूर्ती ऑटन यांच्यापुढे एकेका भागाची वंशावळ तपासली गेली. १९२९च्या गाडीतले म्हणावे असे जवळजवळ काहीच उरले नव्हते. १९३०च्या गाडीतले गिअरबॉक्सचे कवच, स्टिअरिंगचा दांडा असे मोजके तुकडे. तरीही न्यायमूर्तींनी निकाल मालकाच्या बाजूने दिला. ‘मूळ’ आणि ‘अस्सल’ हे दोन शब्द त्यांनी वेगळे केले. कारखान्यातून निघतानाचे भाग कायम असणे या कडक अर्थाने ही गाडी मूळ नाही. परंतु तिचे अस्तित्व मधे कोठेही तुटलेले नाही, ती एका टप्प्यातून दुसऱ्या टप्प्यात उत्क्रांत होत गेली, आणि त्या नावावर हक्क सांगणारी दुसरी कोणतीही गाडी जगात नाही. म्हणून ती अस्सल.

पुणेकर वाचकाला घरातल्या जुन्या पाट्या-वरवंट्याची गोष्ट आठवेल: पाटा आजीने बदलला, वरवंटा आईने, तरी ‘हा आपल्या पणजीचा पाटा-वरवंटा.’ हसण्यावारी नेण्यासारखी ती गोष्ट न्यायालयाने गांभीर्याने घेतली, आणि आम्हांला वाटते की योग्यच केले.

या निकालाच्या उजेडात आमच्या फियाटकडे पाहिले असता काय दिसते? उद्यमनगरचा बुश, ओताऱ्याची मूठ, भंगारातून आलेले इंजिन, आकाशी रंग या सर्वांमुळे ती अस्सल होती. तीन वर्षांच्या खटपटीनंतर ती ‘मूळ’ झाली आणि तिचे अस्सलपण गेले. डाव्या दाराला आता क्रोमची मूठ आहे, उजवीसारखी तंतोतंत. डिकीच्या झाकणाची आतली बाजू घासून, पुट्टी भरून, करड्या रंगाने रंगवली आहे. कामगाराने ते प्रामाणिकपणे केले. त्याला ‘सगळे नव्यासारखे करा’ असेच सांगितले गेले होते आणि ती अक्षरे जपायची आहेत हे सांगण्याचे आमच्या कोणाच्या ध्यानात आले नव्हते. म्हणून दोष गॅरेजवाल्यांना देता येत नाही. गाडी अंगणात आली तेव्हा आईंनी तिच्याभोवती एक फेरी घातली. डाव्या दाराशी थांबल्या, मुठीवरून हात फिरवला. मग म्हणाल्या, “छान केलीय रे. पण ही आपली नाही.”

हे केवळ आमच्या हळवेपणाचे प्रकरण असते तर येथे त्याचा पाढा वाचला नसता. या क्षेत्रातील जाणकारांचेही मत गेल्या काही दशकांत बदलत गेले आहे. अमेरिकेतील पेबल बीच येथे १९५० सालापासून भरणारा जुन्या मोटारींचा मेळावा हा या क्षेत्रातला सर्वोच्च मान समजला जातो. तेथे आरशासारख्या चकचकीत, कारखान्यातून निघाल्या नसतील इतक्या निर्दोष गाड्यांचे राज्य होते. २०२४ साली मात्र तेथील सर्वोच्च पारितोषिक १९३४च्या एका बुगाटीला मिळाले, आणि ही गाडी पुनरुज्जीवित न करता, आहे त्या जुन्या रंगासह जपलेली होती. अशा गाडीला हा मान मिळण्याची ती पहिलीच वेळ. त्याआधी, २०१३ साली, ऐतिहासिक वाहनांच्या जागतिक महासंघाने ‘तुरीनची सनद’ स्वीकारली. इमारतींच्या जतनासाठी १९६४ साली जी व्हेनिसची सनद झाली तिचाच हा वारसा. जतन, दुरुस्ती, पुनरुज्जीवन आणि पुनर्निर्मिती यांत ती भेद करते. जे काही केले त्याची नोंद ठेवा म्हणते. बदललेल्या नव्या भागांवर कायमची, सहज ओळखू येणारी खूण करा आणि काढलेले महत्त्वाचे जुने भाग गाडीसोबत ठेवा असे सुचवते.

खूण करण्याची ही सूचना वाचली तेव्हा आम्हांला भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील महाभारताची चिकित्सित आवृत्ती आठवली. १९१९ ते १९६६ असे जवळपास अर्धे शतक चाललेल्या त्या कामात १,२५९ हस्तलिखितांचा उपयोग झाला. आवृत्तीचे पान उघडले की काही शब्दांखाली नागमोडी रेघ दिसते. संपादकाने पाठ निवडला आहे, पण त्याबद्दल त्याची पुरती खात्री नाही, एवढे ती रेघ सांगते. वगळलेल्या ओळी तळटीपांत तारांकित, मोठे प्रक्षेप परिशिष्टांत. सुखटणकरांनी आपण व्यासांची मूळ संहिता परत आणली असा दावा केला नाही. उपलब्ध हस्तलिखितांच्या आधारे मागे जिथवर जाता येते तिथवरचे रूप, इतकेच त्यांनी म्हटले. ती सिद्ध संहिता जशीच्या तशी कोणत्याही एका हस्तलिखितात नाही, हेही त्यांनी लपवले नाही. एवढ्या मोठ्या कामात इतकी नम्रता, आणि आम्ही एका फियाटच्या बाबतीत ‘ओरिजिनल’ हा शब्द दिवसातून दहा वेळा वापरीत होतो.

परंतु पोथी आणि मोटार यांत एक फरक आहे व तो आमच्या ध्यानी फार उशिरा आला. संपादक संहिता सिद्ध करतो तेव्हा हस्तलिखिते नष्ट होत नाहीत. एकनाथांनी १५८४ साली ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली, तरी राजवाड्यांना १९०९ साली वेगळ्या पाठाची ज्ञानेश्वरी छापता आली. एकाची निवड चुकली तर दुसरा पुन्हा दप्तर सोडून बसू शकतो. मोटारीची मात्र प्रत एकच असते. तिचे पुनरुज्जीवन म्हणजे त्या एकुलत्या एक पोथीवरची शाई खरवडून त्याच पानावर ‘शुद्ध’ पाठ लिहिणे. साक्षीदाराची साक्ष घेता घेता साक्षीदारच नाहीसा होतो. म्हणून या कामात संपादकापेक्षा अधिक सावधगिरी हवी. प्रत्यक्षात संपादकाच्या निम्मीही नसते.

आमच्या एका तरुण सहकाऱ्याने यावर हरकत घेतली, ती रास्त आहे. मोटार ही चालण्यासाठी असते. गंजलेला पत्रा आणि झिजलेले ब्रेक ‘इतिहास’ म्हणून जपायचे, तर तिला काचेच्या पेटीत ठेवा. कोल्हापूरच्या शाही दसऱ्याला संस्थानची जुनी मेबॅक चौकात येते, तेव्हा तिच्यातील कोणता नटबोल्ट जर्मनीतला आहे हे कोणी विचारीत नाही. ती येते, यालाच अर्थ असतो. हे आम्हांला मान्य आहे, किंबहुना आमचे म्हणणेही फार वेगळे नाही. आपल्याकडे ‘जीर्णोद्धार’ हा शब्द आहे. त्यात भर उद्धारावर आहे, परत मागे जाण्यावर नाही. देवळाचा कळस नवा झाला तरी देऊळ तेच राहते, असे मानणाऱ्या समाजाने मोटारी चालत्या ठेवल्या त्या याच वृत्तीने. उद्यमनगरच्या टर्नरने बुश कातला तो जीर्णोद्धारच. आमचा आक्षेप ब्रेक नवे करण्याला नाही. ते नवे केलेच पाहिजेत. आक्षेप आहे तो त्या टर्नरचे काम पुसून, मधली चाळीस वर्षे घडलीच नाहीत असे भासवण्याला. जीर्णोद्धार करणाऱ्याने निदान आपल्या नावाचा शिलालेख तरी बसवला. ‘ओरिजिनल’ करणारा स्वतःच्या खुणाही पुसतो आणि आधीच्यांच्याही.

आणि यात सामाजिक पक्षपात आहे, तोही सांगून टाकावा. इटलीतल्या कारखान्याच्या अभियंत्याने आखलेली मूठ ‘मूळ’, आणि गावच्या ओताऱ्याने ओतलेली मूठ ‘फेरफार’. पहिल्याची पुस्तके छापली जातात, दुसऱ्याचे नावही कोठे नोंदलेले नसते. मध्ययुगीन पोथ्यांच्या लेखनिकांना आपण ‘चुका करणारे’ म्हणून कितीतरी काळ हिणवले. मग कोणाच्या तरी लक्षात आले की, भाषेत त्या काळी काय चालले होते हे सर्वांत चांगले या चुकाच सांगतात. टंचाईच्या काळातील आपल्या छोट्या गावांचे यांत्रिक कौशल्य कोणत्या ग्रंथात पाहायला मिळते? ते या गाड्यांच्या पोटात आहे, आणि ते आपण हौसेने, पदरचे पैसे खर्चून, काढून टाकीत आहोत.

गाडी परत आली त्यानंतरच्या आठवड्यात आम्ही दोघे त्या गॅरेजात जाऊन आलो. काढलेल्या भागांचे काय झाले, असे विचारले. मालकाने मागच्या अंगणातले एक पोते दाखवले. बरेचसे भंगारात गेले होते, हे थोडे राहिले होते. त्यात फुटका मीटर निघाला, दोन झिजलेले बुश निघाले आणि खाली तळाशी पितळेची मूठ. ती आता घरी कपाटात आहे. दाराला परत बसवायची की नाही, यावर आमचे एकमत झालेले नाही. डिकीच्या झाकणाचे एकच छायाचित्र एका भाच्याच्या मोबाइलमध्ये सापडले. मूल पुढे उभे आहे आणि त्याच्या खांद्यावरून तीन तारखा वाचता येतात.

‘व्हीए’ क्रमांकासाठी करायचा अर्ज टेबलावर पडून आहे. गाडी मूळ रूपात आहे आणि इंजिनात मोठा फेरफार झालेला नाही, असे त्यात म्हणावे लागेल. आरसी बुकात १९७४ सालची इंजिन बदलल्याची नोंद आहे, डॉक्टरांच्या सहीसकट. ‘इंजिन बदलणे’ आणि ‘इंजिनात फेरफार’ हे एकच की वेगळे, यावर व्याकरणाच्या अंगाने आमची बराच वेळ चर्चा झाली. पुढच्या महिन्यात आरटीओच्या साहेबांना प्रत्यक्ष भेटून विचारावे, असे तूर्त ठरले आहे.